पाचवीच्या रात्री आलेले झटके : एका ऊसतोड बाळंतिणीचे प्रकरण

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या एका वस्तीवरील २२ वर्षांच्या स्त्रीचे हे प्रकरण आहे. तिची दुसरी प्रसूती ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिकरीत्या झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी तिला झटके आले. ती वाचली. तिच्या व घरच्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील गाळून, हे सविस्तर लिहीत आहे. तिच्या बाबतीत औषधांचा, वाहनाचा किंवा तज्ज्ञ डॉक्टरांचा तुटवडा पडला नाही. उणीव राहिली ती प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आईचा रक्तदाब मोजण्याची, आणि गरोदरपणातले तीन महिने तो कोणीही न मोजल्याची. ही उणीव भरून काढायला मोठा निधी लागत नाही, म्हणूनच ती अधिक बोचते.

पार्श्वभूमी

तिचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न कायदेशीर वयाआधी झाल्याचे नोंदले गेले. त्या मानाने तिची कहाणी वेगळी नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ मिळणारी उचल कोयत्यामागे ठरते. लग्न झाले की कोयता पूर्ण होतो. या हिशेबाचा मुलींच्या लग्नाच्या वयाशी किती जवळचा संबंध आहे, हे गावात कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

पहिली मुलगी तीन वर्षांची आहे. ते बाळंतपण माहेरी झाले होते आणि त्या वेळी रक्तदाबाची तक्रार नव्हती, असे तिने सांगितले. मात्र त्याची कागदपत्रे उपलब्ध नव्हती. दुसऱ्या गरोदरपणाची नोंदणी दहाव्या आठवड्यात, ऑगस्टच्या मध्यास, गावच्या उपकेंद्रात झाली. पहिली तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी हा निकष त्यामुळे पाळला गेला, आणि त्याचे श्रेय आशाताईंच्या पाठपुराव्याला आहे. त्या दिवशी वजन ४३ किलो, रक्तदाब ११०/७० आणि हिमोग्लोबिन ९.६ असे होते. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ७ ते ९.९ हा मध्यम रक्तक्षय. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, दोन वेळा कॅल्शियम आणि जंताची एक गोळी असे नेहमीचे उपचार लिहून दिले गेले. पुढच्या दोन तपासण्याही गावातच झाल्या आणि दोन्ही वेळा रक्तदाब ११० च्या घरातच होता.

दिवाळी झाल्यावर टोळी निघाली. तेव्हा तिला बाविसावा आठवडा लागला होता.

रिकामे तेरा आठवडे

त्या हंगामात त्यांची टोळी कर्नाटकात, बेळगाव-बागलकोटच्या पट्ट्यात होती. माता व बाल संरक्षण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिले. हरवू नये म्हणून सासूबाईंनी ते जपून ठेवले होते. लोहाच्या गोळ्या महिनाभर पुरल्या. पुढे गोळ्या नव्हत्या, तपासणी नव्हती आणि कामात सवलतही नव्हती. पहाटे अंधारात फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, जायचे, नवऱ्याने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या आणि रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, येऊन चूल पेटवायची, हा क्रम आठव्या महिन्यापर्यंत चालला. एक दिवस काम बुडाले तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर उचलीच्या हिशेबात दंड धरला जातो. सातव्या महिन्यात पायांवर सूज आल्याने ती एका खासगी दवाखान्यात गेली. तेथे तिला एक इंजेक्शन आणि लघवी साफ होण्याच्या गोळ्या मिळाल्या. रक्तदाब मोजला की नाही ते तिला आठवत नाही आणि दिलेल्या चिठ्ठीवर तशी नोंद नाही.

पायांवरची सूज हे गरोदरपणात फार ढोबळ लक्षण आहे. ती निरोगी स्त्रीलाही येते, आणि रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला कधी कधी येतही नाही. म्हणून सूज पाहून गोळ्या देणे हा उपचार होऊ शकत नाही. त्या वेळी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने या दोन तपासण्या झाल्या असत्या, तर हे प्रकरण कदाचित तेथेच थांबले असते. दोन्हींना मिळून दहा मिनिटे लागतात.

२०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या निमित्ताने या स्त्रियांच्या आरोग्याकडे राज्याचे लक्ष गेले, ते आवश्यकच होते. परंतु फडावर असलेल्या गरोदर स्त्रीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे अजूनही रोजच्या व्यवहारात स्पष्ट झालेले नाही. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात असते आणि ती स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात असते. गावातली आशा तिच्या घराला कुलूप पाहून वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा मारते, तर फडाजवळच्या गावातील आशाच्या यादीत तिचे नाव नसते. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली; पण कारखाना ठेकेदाराकडे आणि ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो, त्यामुळे या बाईचा मालक कोण हेच ठरत नाही आणि रजेचा प्रश्नच उद्भवत नाही.

परतल्यानंतरच्या नोंदी

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गावी परतली. तिच्या जागी धाकटा दीर कोयता धरायला गेला, तेव्हा कुठे तिला निघता आले. ९ फेब्रुवारीला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला आशाताई तिला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या या तपासणीत गरोदर स्त्रीला डॉक्टरने पाहिलेच पाहिजे अशी अपेक्षा असते. तिला पस्तिसावा आठवडा होता. रक्तदाब १३८/८८, लघवीत प्रथिने अगदी पुसटशी, हिमोग्लोबिन ८.४. रक्तक्षयासाठी शिरेतून लोहाची इंजेक्शने सुरू केली आणि आठवड्याने बोलावले. पुढच्या वेळी रक्तदाब १३६/८६ होता.

पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे १४०/९० च्या खाली असलेला रक्तदाब ‘वाढलेला’ म्हणत नाहीत. मात्र याच बाईचा रक्तदाब ऑगस्टमध्ये ११०/७० होता. वरचा आकडा २८ ने आणि खालचा १८ ने चढला होता. पूर्वी वरचा ३० ने किंवा खालचा १५ ने वाढला तरी वाढलेल्या रक्तदाबाचे निदान केले जाई. त्यातून फार स्त्रियांना विनाकारण रुग्ण ठरवले जाते असे दिसल्याने तो निकष मागे पडला. तरीही एवढी चढण असलेल्या स्त्रीवर बारीक लक्ष ठेवावे, हा सल्ला कायम आहे. तेरा आठवड्यांच्या नोंदी कार्डावर असत्या तर आकडा केव्हापासून चढू लागला ते दिसले असते. ते न दिसल्याने प्रत्येक तपासणीत समोरचा एकटा आकडा पाहिला गेला, आणि एकट्याने पाहता त्यातला कोणताही आकडा कोणालाही दचकवणारा नव्हता.

मार्चच्या आरंभी, अडतिसाव्या आठवड्यात, तिला कळा सुरू झाल्या आणि १०२ क्रमांकाच्या गाडीने तिला ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले. दाखल होताना रक्तदाब १४२/९२ आणि लघवीत प्रथिने एक प्लस. म्हणजे येथे निदानाची रेषा ओलांडली गेली होती. कळांच्या वेदनेने रक्तदाब थोडा वाढतो, हे खरे. त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा मोजून खात्री करायची असते. सहा तासांत प्रसूती झाली. मुलगी, वजन २ किलो ३०० ग्रॅम. बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले गेले, वार पूर्ण पडली, रक्तस्राव बेताचा झाला. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला थोडाही जादा रक्तस्राव झेपत नाही, त्यामुळे प्रसूतिगृहात सगळ्यांचे लक्ष त्याकडे होते आणि ते काम उत्तम झाले, हे मुद्दाम नोंदवतो.

प्रसूतीनंतरचा पहिला रक्तदाब १४०/९०, दुसऱ्या दिवशी सकाळचा १३४/८४. या दोनच नोंदी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पहिला रक्तदाब प्रसूतीनंतर लगेच आणि तो ठीक असेल तरी दुसरा सहा तासांच्या आत मोजायचा असतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर ४८ तास रुग्णालयात ठेवावे, असा नियम आहे, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून तेवढ्या काळाचे जेवण, औषधे व घरी सोडायची गाडी मोफत आहे. ती मात्र तिसाव्या तासाला घरी गेली. खाटा भरलेल्या होत्या, घरी तीन वर्षांची मुलगी आजीवाचून रडत होती आणि सासूबाईंनीच सोडण्याची विनंती केली. सुटीच्या कागदावर बाळाच्या लसींची तारीख होती, टाके नसल्याची नोंद होती, लोहाच्या गोळ्या होत्या. रक्तदाब पुन्हा कधी मोजायचा, हे त्यावर नव्हते.

तिसरा दिवस आणि पाचवा दिवस

वार पडली की प्री-एक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून बहुधा लघवीत प्रथिने येणाऱ्या आजाराचे, मूळ गेले, ही समजूत अर्धीच बरोबर आहे. मूळ जाते, पण परिणाम ओसरायला दिवस लागतात. गरोदरपणात शरीरात, ऊतींमध्ये साठलेले पाणी प्रसूतीनंतर रक्तवाहिन्यांत परत येऊ लागते आणि त्यामुळे रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वांत वर जातो. नेमके हेच दिवस बाळंतीण घरी, दाराआड, अंधाऱ्या खोलीत असते. झटक्यांचा धोका प्रसूतीनंतर पहिल्या ४८ तासांत अधिक, पण त्यानंतर कित्येक दिवस, क्वचित काही आठवडेही राहतो.

तिसऱ्या दिवशी आशाताई ठरल्याप्रमाणे गृहभेटीला गेल्या. नवजात बाळाच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. त्यांनी बाळाचे वजन केले, ताप पाहिला, नाळ पाहिली, अंगावर पाजण्याची पद्धत दाखवली, बाळ अडीच किलोच्या आतले असल्याने उराशी धरून ऊब द्यायला शिकवले. आईला अंगावरून किती जाते, ताप आहे का, छातीत गाठी आहेत का, हे विचारले. तेव्हा ती म्हणाली, “डोस्कं जड झालंय.” सासूबाईंनी उत्तर दिले, “जागरण व्हतंय ना ताई, पोर रातभर झोपू देत न्हाई. शेक घेतला की उतरल.” त्या घरात बाजेखाली शेगडी होती, कानाला घट्ट फडके बांधले होते, आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यावे असा वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. आशाताईंच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा होता, तापमापी होती, घड्याळ होते. रक्तदाब मोजायचे यंत्र नव्हते. त्या भेटीचा नमुनाच बाळाला केंद्रस्थानी ठेवून आखलेला असल्याने त्यांनी जे केले ते नमुन्याप्रमाणे चोखच होते. त्यांना शंका आली, आणि त्यांनी आपला मोबाइल क्रमांक सासूबाईंच्या फोनमध्ये पुन्हा एकदा नीट भरून दिला. हा तपशील पुढे मोलाचा ठरला.

पाचव्या दिवशी पाचवी होती. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहून जाते, म्हणून घरात पूजेची मांडणी चालली होती. पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता, शेजारच्या बाया जमू लागल्या होत्या. दुपारपासून बाळंतिणीचे डोके असह्य ठणकत होते, छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ येत होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर झटके फार दूर नसतात. पण पाहुण्यांच्या गडबडीत तिने ते फक्त जावेला सांगितले. दिवेलागणीनंतर साडेसातच्या सुमारास तिचे डोळे फिरले, दात बसले आणि सर्वांग ताठून झटके सुरू झाले. कोणी म्हणाले फेफरे आले, कोणी म्हणाले पूजेत काही चुकले. एका बाईने नाकाशी कांदा धरला. जावेने मात्र सासूच्या फोनवरून आशाताईंना लावला.

आशाताईंनी फोनवरूनच तीन गोष्टी सांगितल्या: तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका, आणि गाडी काढा. १०८ ची रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागेल असे कळल्यावर त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याची जीप मागवली, स्वतः तिच्यासोबत बसल्या आणि वाटेतूनच आरोग्य केंद्रात कळवले, “बाळंतीण हाय, पाचवा दिवस, झटके आलेत, बीपीची केस असंल.” या एका वाक्यामुळे आमची तयारी ती पोहोचण्याआधी झाली.

आरोग्य केंद्रातील वीस मिनिटे

साडेआठच्या सुमारास ती आली तेव्हा झटका थांबला होता, ती गुंगीत होती, जीभ चावली गेल्याने ओठावर रक्त होते. रक्तदाब १७०/११६. लघवीत प्रथिने तीन प्लस. साखर तपासली, ती ठीक होती. ताप नव्हता, मान ताठ नव्हती.

बाळंतिणीला झटके आले तर एक्लॅम्प्सिया, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया वाढून आलेले झटके, हे पहिले निदान धरून उपचार सुरू करायचे असतात. इतर कारणांचा शोध नंतर घेता येतो. मॅग्नेशियम सल्फेटच्या एका अँप्युलमध्ये, म्हणजे २ मिलिलिटरमध्ये, १ ग्रॅम औषध असते. आरोग्य केंद्रात द्यायची पहिली मात्रा १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत ५ ग्रॅम. म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या, पाच-पाच एका सिरिंजमध्ये ओढायच्या आणि दुखू नये म्हणून प्रत्येकीत थोडे लिग्नोकेन मिसळायचे. सिस्टरांनी ट्रेमध्ये दहाही अँप्युल रांगेत लावून ठेवल्या होत्या आणि एक-एक मोठ्याने मोजत फोडल्या, कारण घाईत नवव्या-दहाव्याला गफलत होते. हे औषध महाग नाही, त्याला शीतपेटी लागत नाही, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दहा हजारांच्या आसपास स्त्रियांमध्ये, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केल्याचे सिद्ध झाले. तरीही अनेक ठिकाणी हे इंजेक्शन ‘मोठ्या दवाखान्यातच देतील’ म्हणून रुग्ण तसाच पुढे पाठवला जातो, आणि दुसरा झटका वाटेत येतो. पहिली मात्रा देऊनच रुग्णाला हलवावे, हा नियम माझ्या मते प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

हे औषध अंगात जास्त झाले तर श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ हून अधिक आहेत का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का, हे पाहत राहायचे असते आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी ठेवायचे असते. तिला लघवीची नळी घातली. ती गुंगीत असल्याने तोंडाने गोळी देणे धोक्याचे होते, म्हणून रक्तदाबासाठी लॅबेटालॉल २० मिलिग्रॅम शिरेतून दिले, दहा मिनिटांनी ४० मिलिग्रॅम. रक्तदाब १५०/१०० वर आला. तो एकदम फार खाली आणायचा नसतो, कारण त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

तोवर १०८ ची गाडी आली होती. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला फोन करून, दिलेल्या औषधांची वेळ व मात्रा कागदावर लिहून, एक सिस्टर सोबत देऊन तिला रवाना केले. बाळालाही तिच्याबरोबरच पाठवले. आई गंभीर असली की बाळ घरी ठेवून वरचे दूध पाजायचे, ही घाई बहुतेक घरांत होते. सव्वादोन किलोच्या बाळाला तसे करणे फार महागात पडते, म्हणून सासूबाईंना समजावण्यात आम्ही पाच मिनिटे घालवली आणि ती वाया गेली नाहीत.

अंबाजोगाईत काय झाले

दर चार तासांनी ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शेवटच्या झटक्यापासून २४ तासांपर्यंत चालू राहिले. दुसरा झटका आला नाही. रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट), यकृताच्या व मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. बिंबाणू किंचित कमी होते, बाकीचे धोक्याच्या पातळीत नव्हते. मेंदूचा स्कॅन केला गेला. बाळंतपणानंतर, विशेषतः पाणी तोडलेल्या आणि रक्त कमी असलेल्या स्त्रीमध्ये, मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन झटके येऊ शकतात. डोकेदुखी दोन्हींत सारखीच असते आणि उपचार पूर्ण वेगळे असतात. तिच्या स्कॅनमध्ये गुठळी किंवा रक्तस्राव नव्हता. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रूढी तपासून पाहावी, असे आम्ही गृहभेटींत सांगतो त्याचे हे एक ठोस कारण आहे. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर यांना आमचा विरोध नाही. त्यांतले बरेच काही बाळंतिणीला आराम व अन्न देणारे आहे. पाणी मात्र तिला इतरांहून जास्तच लागते, कारण ती अंगावर पाजते.

सहाव्या दिवशी नवरा फडावरून पोहोचला. तिला पूर्ण शुद्ध होती. झटक्याच्या आधीची दुपार तिला आठवत होती, संध्याकाळ आठवत नव्हती. बाळ अंगावर पीत राहिले. दिलेली रक्तदाबाची औषधे स्तनपानात चालणारी होती. दहाव्या दिवशी, रक्तदाब १३६/८८ असताना, तिला गोळ्यांसह सोडण्यात आले. या वेळच्या कागदावर पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा होत्या.

त्यानंतरचे सहा आठवडे

पहिले दोन आठवडे समुदाय आरोग्य अधिकारी दर तीन दिवसांनी घरी जाऊन रक्तदाब मोजत. तो हळूहळू उतरला आणि पाचव्या आठवड्यात गोळी बंद झाली. बेचाळिसाव्या दिवशी रक्तदाब ११८/७६ आणि लघवी निर्मळ होती, हिमोग्लोबिन ९.८ होते. प्रसूतीनंतरही लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. गावोगावी या गोळ्या बाळंतपण झाले की थांबतात, त्यामुळे हे सासूबाईंनाही सांगितले. तिने तांबी बसवून घेतली. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्तदाबाच्या इतिहासामुळे आणि स्तनपानामुळेही तिला योग्य नव्हत्या. दुसरे अपत्य मुलगी असल्याने मातृवंदना योजनेतील ६००० रुपयांचा अर्ज भरला गेला.

पुढच्या गरोदरपणात तिला हा आजार पुन्हा होण्याचा धोका आहे, आणि पुढील आयुष्यात रक्तदाब व हृदयविकाराचा धोकाही इतर स्त्रियांहून अधिक आहे. म्हणून पुन्हा दिवस राहिले तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करायचे आणि दिवस राहोत वा न राहोत, वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा, असे तिच्या कागदावर लिहिले आहे. ते तिला वाचूनही दाखवले. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि तिने स्वतः एकदा परत वाचले.

या प्रकरणाचे विवेचन केंद्राच्या मासिक बैठकीत झाले. सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा एकत्र बसल्या. चर्चेत ग्रामीण रुग्णालयाने लवकर सोडले हा विषय निघणे साहजिक होते, पण ती ४८ तास राहिली असती तरी झटके आले ते पाचव्या दिवशी. त्या वेळी ती घरीच असती. म्हणून निर्णय घरच्या भेटीविषयी झाला. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी एकदा जरी १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब दिसला, अथवा पहिल्या तपासणीपेक्षा तो ठळकपणे चढलेला दिसला, तर त्या स्त्रीचे नाव वेगळ्या वहीत घ्यायचे आणि तिसऱ्या, पाचव्या व सातव्या दिवशी रक्तदाब मोजायचाच. प्रत्येक उपकेंद्राला दोन डिजिटल यंत्रे दिली, त्यातील एक आशांकडे फिरते राहते. आशांनी स्वतःच एक सूचना केली, ती मला सर्वांत उपयोगी वाटते: भेटीत सगळ्यांसमोर ‘काही त्रास आहे का’ असे न विचारता बाळंतिणीला एकटीला गाठून तीनच प्रश्न विचारायचे. डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात का, पोटाच्या वर कळ येते का. सासूसमोर सून ‘हो’ म्हणत नाही, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

फडावरच्या तेरा आठवड्यांचे उत्तर मात्र एका आरोग्य केंद्राच्या हातात नाही. आम्ही एवढेच करू शकलो की ऑक्टोबरपूर्वी गावातील सर्व गरोदर ऊसतोड स्त्रियांची कार्डे पेटीतून बाहेर काढून त्यांच्याबरोबर द्यायची, तीन महिन्यांच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सोबत बांधून द्यायच्या, आणि मुकादमाचा फोन क्रमांक घेऊन महिन्यातून एकदा त्या बाईशी थेट बोलायचे. गाव सोडताना कारखान्याचे नाव कळते. त्यावरून जवळच्या आरोग्य केंद्राला लेखी कळवले तर काही ठिकाणचे डॉक्टर प्रतिसाद देतात, असा अनुभव आहे. जोवर फडावर गरोदर स्त्रीला खाडा न लागता तपासणीला जाता येत नाही, तोवर या उपायांचा लाभ अर्धवटच राहील. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि साखर कारखाने यांनी मिळून निदान गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ केला, तर त्याचा खर्च अगदी किरकोळ असेल.

तिच्या आजारपणात नवरा आणि दीर दोघेही फडावर नव्हते, ते दिवस उचलीत वळते झाले आणि शिल्लक पुढच्या हंगामावर गेली. त्यामुळे दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा निघाले. तीही गेली, सात-आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन. निघण्याच्या आठवड्यात तिचा रक्तदाब ११६/७४ आणि मुलीचे वजन ६ किलो ४०० ग्रॅम भरले. तिचे कार्ड आणि एका पानावर लिहिलेला आजाराचा सारांश आता तिच्याजवळ असतो, आणि जानेवारीत फडाजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून तो आकडा आशाताईंना फोनवर कळवायचा, असे तिच्याशी ठरले आहे.